सोळा मुद्द्यांचा अर्ज आणि बागेतला खड्डा

आमच्या बागेतल्या चेंबरचं लोखंडी झाकण चोरीला गेलं, तेव्हा खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. रिटायर होऊन दोन वर्षं झाल्ती. तेहतीस वर्षं सरकारी कचेरीत कागद हलवलेला माणूस मी, शेवटी शेवटी तर अव्वल कारकून. गावोगावची माणसं मला भाऊसाहेब म्हणायची. आणि आता घरात कागद म्हणून काय यायचं, तर लाईट बिल. कुणाला लिहावं, कुणाला स्मरणपत्र धाडावं, कुणाचं काम अडवावं, काही म्हणता काही उरलं न्हवतं. अशात एका सकाळी समोर दोन बाय दोनचा उघडा खड्डा, आत मांडीइतकं काळं पाणी, आणि सरकारी मालमत्ता गायब. माझे हात शिवशिवायला लागले.

शहर आमचं जालना जिल्ह्यातलं. नाव सांगत न्हाई. साहेब लोक काही वाचत न्हाईत असं म्हणतात, पण आपल्या गावाचं नाव कुठं छापून आलं की बराबर वाचतात. बागही काही मिरवावी अशी न्हाई. मधोमध एक कारंजं, त्यातून उद्घाटनाच्या दिवशी पाणी उडालं, मंग पुन्हा म्हणून उडालं न्हाई. कोपऱ्यात सिमेंटचा मोर, मान मोडलेला. व्यायामाची लोखंडी यंत्रं, त्यांच्यावर आसपासच्या बाया गोधड्या वाळत घालतात. पण कंपाउंडच्या भिंतीच्या कडेनं एक गोल रस्ता होता, सिमेंटचे गट्टू बसवलेला आणि बऱ्यापैकी सपाट. आमच्या घराला त्याच रस्त्याची गरज होती.

कारण माझ्या बायकोला आदल्या हिवाळ्यात लकवा मारला. डावी बाजू गेली. तोंड महिन्याभरात जाग्यावर आलं, आणि जाग्यावर आल्याबरोबर तिनं मला पहिलं वाक्य काय सुनावलं, तर "चहा आहे का पाक?" मला इतका आनंद झाला की मी तो पाकासारखा चहा दोन कप प्यालो. हात निम्मा आला. पाय मात्र मागं राहिला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पहिल्या सात-आठ महिन्यांत जेवढं परत येईल तेवढं येईल. रोज सपाट जमिनीवर चालवा, खंड पडू देऊ नका. नंतर मंग जे राहिलं ते राहिलं."

आता सपाट जमीन आणायची कुठून? आमच्या गल्लीत प्रत्येक घरमालकानं आपापल्या दारासमोर आपापल्या मर्जीचा गतिरोधक घातलेला. एकाचा तर इतका उंच, की त्यावर सांजच्याला म्हातारी माणसं टेकून बसतात. म्हणून रोज सकाळी मी तिला रिक्षानं बागेत घेऊन जायचो. बाई हट्टी. पहिल्याच दिवशी गेटात उभी राहून तिनं सांगून टाकलं, "एक पुरी फेरी मारायची. तुमचा हात न धरता आणि काठी न घेता. त्याच्या आधी मी माहेरी पाय ठेवणार न्हाई." माहेर तिचं केदारखेड्याचं, चार भावांचं घर. तिथं ती कायम पुढं पुढं करणारी, सगळ्यांना कामाला लावणारी. काठी टेकवत त्या अंगणात शिरायचं तिला बिलकुल मंजूर न्हवतं.

आणि जमतही होतं की! आधी झोपाळ्यापर्यंत, मंग कारंज्यापर्यंत, मंग मोरापर्यंत. मी दोन पावलं मागं, हात अर्धे पुढं करून, पडली तर धरायला. मागं वळून मला म्हणायची, "तुम्ही असे चालू नका हो, लोकांना वाटंल कोंबडी धरायला निघाले." मोराच्या पुढचं वळण राहिलं होतं, ते झालं की समोर गेट. "येत्या सोमवारी पुरी करते बघा," ती म्हणाली. झाकण रविवारी गेलं.

झाकणाची जागा मोराच्या जरा पुढं, वळणाच्या अलीकडं, आणि अशी, की एका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला मेंदीचं दाट कुंपण आणि मधला सगळा रस्ता त्या चेंबरनं खाल्लेला. धडधाकट माणसं लांब ढांग टाकून जायची. तिला ते शक्यच न्हवतं. आजवर मोराच्या पुढचं ती माझा हात धरून उरकायची, आता तिथून माघारी फिरायचं म्हणजे आलेली सगळी वाट पुन्हा, थकल्या पायानं. त्यामुळं दोनच दिवसांत तिनं मोरापर्यंत जायचंसुद्धा सोडलं. कारंज्यापाशी बसून राहायची.

बागेच्या वॉचमननं, त्याला सगळे मामा म्हणतात, आपल्या परीनं दुरुस्ती केली. बाभळीची एक फांदी तोडून खड्ड्यात खोचली आणि तिला लाल चिंधी बांधली. झालं काम, मामा खुर्चीत जाऊन बसला.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक बांधकामाचा ठेकेदार राहतो. माणूस दिलदार. त्यानं खड्डा बघितला आणि जाग्यावर म्हणाला, "भाऊसाहेब, माझ्याकडं शहाबादी फरशी पडून हाये. जाडजूड. दुपारी आणून टाकतो, वहिनी उद्या चालतील. पाच मिनिटाचं काम."

मी किती जोरात ओरडलो ते माझं मलाच आठवून आता कानकोंडं व्हायला होतं. "खबरदार!" म्हटलं. "अजिबात हात लावायचा न्हाई!"

का, तर मी अर्ज करणार होतो. अर्ज केला म्हणजे स्थळपाहणी होणार. साहेब पाहणीला आले आणि खड्डा झाकलेला दिसला, तर शेरा काय मारणार? 'तक्रारीत तथ्य आढळून आले नाही.' एकदा हा शेरा पडला की कागद मेला. मी स्वतः असले किती कागद मारले याची गणती न्हाई, म्हणून मला हे पक्कं ठाऊक. कागद चालू असेपर्यंत जागा जशीच्या तशी ठेवायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम.

बायको म्हणाली, "अहो, टाकू द्या की त्यांना फरशी. तुमचा अर्ज चालू द्या तिकडं."

"तुला कचेरीतलं काय कळतं?" मी म्हटलं. लग्नाला चाळीस वर्षं होत आल्ती, आणि हे वाक्य मी तिला किमान आठवड्यातून एकदा तरी ऐकवलेलं. तिनं नेहमीसारखा एक सुस्कारा सोडला.

पहिला अर्ज मी एका झाकणाचाच केला. सुवाच्य अक्षर, डावीकडं समास, उजवीकडं दिनांक. नगरपालिकेच्या कचेरीतल्या आवक-जावक खिडकीवर एक तरणीताठी पोरगी बसलेली. ती म्हणाली, "काका, मोबाईलवर ॲप आहे ना, त्यात फोटो टाकायचा. दोन मिनिटांत होतं." मी म्हटलं, "ताई, ॲपची पोच मिळती का? शिक्का मारून?" ती हसली. मी झेरॉक्सवर शिक्का मारून घेतला, तारीख बराबर उमटली का ते बघितलं, आणि बाहेर येऊन एक कटिंग मारला. दोन वर्षांत एवढा खुश मी कधी न्हवतो झालो.

उत्तर उलट टपाली आलं. म्हणजे सतरा दिवसांनी, पण सरकारात तेच उलट टपाली. 'आपला संदर्भीय अर्ज पुढील उचित कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पत्त्यावर पाठवलेलं. माझ्या पत्त्यावर ते पहिल्यांदाच आलं. राग यायचा सोडून मी आधी त्यातली शुद्धलेखनाची चूक शोधत बसलो. सापडली न्हाई. पत्र लिहिणारं पोरगं तयारीचं दिसलं.

मंग चालू झाली टोलवाटोलवी. बागेचं खातं म्हणालं, चेंबर ड्रेनेजचा. ड्रेनेजवाले म्हणाले, चेंबर आमचा, पण झाकण बागेच्या कामात बसवलेलं, म्हणून झाकण बागेचं. मी रोज इकडून तिकडं. महिना गेला. घरी आल्यावर बायको विचारायची, "काय झालं हो?" मी सांगायचो, "कागद पुढं सरकलाय." ती म्हणायची, "माझा पाय न्हाई सरकून राह्यला."

तरी माझी अक्कल जागी झाली न्हाई. उलट मी तो खड्डा राखत होतो! फिरायला येणाऱ्या कुणीतरी एके दिवशी कुठून तरी जाड पत्रा आणून त्यावर टाकला होता. मी तो उचलून भिंतीला लावून ठेवला आणि बाभळीची फांदी पुन्हा खोचली. पाहणी कधीपण होऊ शकते म्हणून. हे मी केलं, या दोन हातांनी केलं. बायको कारंज्याच्या कठड्यावर बसून बघत होती. तिला तिथून खड्डा दिसत न्हवता, मी काय करून राह्यलो ते कळलं नसावं, अशी मी अजून आशा करतो.

टोलवाटोलवीवर उपाय मला माहीत होता. दोन टेबलांत अडकलेला छोटा अर्ज मरतो. अर्ज एवढा मोठा करायचा, की तो मोठ्या साहेबाच्या टेबलावरच जाऊन पडला पाहिजे. सकाळी बागेत येणाऱ्यांचं आमचं एक मंडळ आहे. फिरतात थोडं, बसतात जास्ती. मी कारंज्यापाशी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हटलं, ज्याची जी तक्रार असेल ती सांगा, एकच दणदणीत अर्ज करू.

सांगू नये माणसांना असं. जो तो बांध फुटल्यासारखा बोलायला लागला. मोराची मान झाली, कारंजं झालं. एक रिटायर मास्तर म्हणाले, झाडाआड बसणाऱ्या जोडप्यांचा बंदोबस्त करा. त्यांना जोडपी दिसतात तरी कुठून कोण जाणे, चष्मा कायम खिशात. एकाला सकाळी स्पीकरवर भजनं पाहिजे होती, तो झाला मुद्दा सात. दुसऱ्याला सकाळी संपूर्ण शांतता पाहिजे होती, तो मुद्दा अकरा. दोघं शेजारी शेजारीच बसले होते आणि दोघांनीही अर्जावर सही केली. तेरावा मुद्दा असा, की बागेचं गेट दक्षिणेला आहे म्हणून गावात बरकत न्हाई, तर ते पूर्वेला करावं. मी सगळं लिहून घेतलं. असे भरले पंधरा.

आणि आपलं झाकण? ते सोळावं.

याला कारण आमची रीत. घरच्या कार्यात घरचा माणूस शेवटच्या पंगतीला बसतो. आधी पाव्हणे, मंग सोयरे, मंग गाव, आणि सगळं उरकल्यावर भांड्याच्या तळाला जे राहील ते घरच्यांनी वाढून घ्यायचं. अर्ज लिहिणारा मी, म्हणजे घरचा माणूस मी. आपल्याच बायकोचा खड्डा वर टाकला असता, तर मंडळी म्हणाली असती, बघा, भाऊसाहेबांनी आपलं बराबर साधून घेतलं. ते मला सोसलं नसतं. म्हणून मोडक्या मोराच्या आणि दक्षिणेच्या गेटाच्या मागं, पार तळाला, चेंबरचं झाकण.

बायकोनं कागद वाचायला मागितला. तिनं बोटानं एकेक मुद्दा खाली मोजत नेला. "सोळावं?"

"अगं, साहेब लोकांच्या ध्यानात शेवटचंच राहतं," मी ठोकून दिलं.

"तुमच्या राहायचं?" तिनं विचारलं. मी चष्मा पुसायला घेतला. तेहतीस वर्षांत मी कुठल्याही अर्जाचं दुसरं पान उलटलं न्हवतं, आणि हे तिला माहीत होतं, कारण घरी येऊन मीच फुशारकीनं सांगायचो.

वरती विषयाच्या ओळीत मात्र मी माझा हुकमाचा एक्का टाकला. 'उद्यानाच्या दुरवस्थेमुळे नागरिकांच्या जीवितास निर्माण झालेला धोका.' जीवितास धोका! हे दोन शब्द कागदावर आले की सरकारी माणूस गप बसू शकत न्हाई. उद्या कुणाला काही झालं तर कागद पुढं येणार, आणि कागदावर त्याची सही असणार. काहीतरी हालचाल करावीच लागते. मी अर्ज दिला, पोच घेतली आणि छाती काढून घरी आलो.

हालचाल झाली. आठव्या दिवशी आम्ही रिक्षातून उतरलो, तर बागेच्या गेटाला हे एवढं कुलूप. शेजारी कागद चिकटवलेला. 'तक्रारदार श्री.' आणि पुढं माझं नाव, वडिलांच्या नावासकट, 'यांच्या अर्जान्वये सदर उद्यान नागरिकांच्या जीवितास धोकादायक असल्याचे निदर्शनास आल्याने, अर्जातील सर्व सोळा बाबींची पूर्तता होईपर्यंत बंद ठेवण्यात येत आहे.'

मी तो कागद दोनदा वाचला. बिनतोड. कुणी पडायला नको, कुणाची जबाबदारी नको, एक पैशाचा खर्चा नको. त्या खुर्चीत मी असतो तर मीपण हेच केलं असतं आणि घरी जाऊन निवांत जेवलो असतो. बायको रिक्षात तशीच बसून होती. तिनं नुसतं विचारलं, "उतरू का नको?"

मंडळानं माझी जी काही पूजा बांधली ती विचारू नका. सगळे गेटासमोर रस्त्यावर उभे. "आम्ही गेट पूर्वेला करा म्हटलं होतं, बंद करा न्हवतं म्हटलं!" भजनवाला आणि शांततावाला तेवढ्यापुरते एक झाले आणि दोघांनी मिळून मला झापलं. मास्तर म्हणाले, "जोडपीसुद्धा गेली आता." त्यांच्या आवाजात मला थोडं दुःखच वाटलं.

माझं काय, मला शिव्या नव्या न्हवत्या. पण घरात तिचं चालणं स्वयंपाकघरापासून दारासमोरच्या ओट्यापर्यंत, चौदा पावलं, मधे दोन उंबरे. वळलं की पुन्हा चौदा. पहिले काही दिवस तिनं नेटानं केलं. मंग एका उंबऱ्याला पाय अडकून ती पडली, दरवाजा धरला म्हणून वाचली. तेव्हापासून तिनं सोडूनच दिलं. डावा पाय जो उचलायला लागल्ता, तो पुन्हा घासायला लागला. फरशीवर खर्र, खर्र. मी पेपर वाचत बसलो की मागून तो आवाज यायचा आणि मला वाचलेलं काही कळायचं न्हाई. ती मला काहीच बोलत न्हवती, चहावरूनसुद्धा न्हाई. त्याचीच मला जास्ती भीती वाटली.

आणि एक दिवस मी कचेरीतून परत आलो, तर खाटेला टेकवून ठेवलेली काठी. ॲल्युमिनियमची, खाली चार रबरी पाय असलेली. शेजारणीकडून मेडिकलमधून मागवलेली. "बाथरूमपर्यंत जायला," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडं केलं. मी मागच्या अंगणात गेलो, नळ सोडला आणि नळाच्या आवाजात मनसोक्त रडून घेतलं. मला माझी भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून मी कचेरीची पायरी सोडली न्हाई. अंदाजपत्रक तयार होऊन राह्यलं, ते मंजुरीला जाऊन राह्यलं, मंजुरीहून माघारी येऊन राह्यलं. कारण काय, तर गेट पूर्वेला घ्यायचं तर पूर्वेला एकाचं घर आहे. असे दोन महिने आणखी गेले. शेवटी एका तरण्या इंजिनिअरला माझी दया आली. पोरगा चांगला होता. त्यानं मला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"काका," तो म्हणाला, "सोळा कामं ह्या जन्मात होत न्हाईत. एकच रस्ता आहे. तक्रार मागं घ्या. तक्रार न्हाई म्हणजे धोका न्हाई. धोका न्हाई म्हणजे बाग बंद ठेवायला कारण न्हाई. उद्या सकाळी कुलूप काढतो."

"पंधरा मागं घेतो," मी म्हटलं. "झाकणाचं तेवढं राहू द्या. ते खरं आहे हो."

"एक राहिलं तरी कुलूप राहिलं." त्यानं कोरा कागद पुढं सरकवला. "लिहा, की प्रत्यक्ष पाहणी केली असता कोणताही खड्डा अथवा धोका आढळून आला नाही, माझे पूर्ण समाधान झाले आहे."

मला अंबड तालुक्यातली एक म्हातारी आठवली. तिच्या शेताची वाट भाऊबंदानं बांध घालून बंद केल्ती. ती अकरा वेळा माझ्या टेबलासमोर आल्ती. बाराव्या वेळी मी तिच्याकडून असाच कागद करून घेतला, की आपसात मिटलं आहे, माझी तक्रार नाही. तिचा अंगठा मीच धरून शाईवर दाबला. तिनं विचारलं, "साहेब, आता वाट मोकळी होईल ना?" मी म्हटलं, "मावशे, फाईल तर मोकळी झाली." आख्खी कचेरी हसली आणि मी सगळ्यांना चहा पाजला. तिला मी नंतर कधी बघितलं न्हाई. तिच्या शेताचं काय झालं, तेपण मला माहीत न्हाई.

मी लिहिलं. पाहणी केली असता खड्डा आढळून आला नाही. समाधान झाले आहे. सुवाच्य अक्षरात, समास सोडून, खाली सही. इंजिनिअर वाचून म्हणाला, "काका, ड्राफ्टिंग एकदम फर्स्ट क्लास." खिडकीवरच्या पोरीनं शिक्का उचलला आणि विचारलं, "पोच?" मी नको म्हटलं.

सकाळी कुलूप निघालं. मंडळ पुन्हा कठड्यावर येऊन बसलं आणि भाऊसाहेबांनी बाग सोडवून आणली म्हणून माझी पाठ थोपटायला लागलं. मी हात झटकून टाकले. बायको झोपाळ्यापर्यंत गेली आणि दमली. काठी हातात होती. दुसऱ्या आठवड्यात कारंजं, त्यानंतर पुष्कळ दिवसांनी मोर. मधे डॉक्टरांकडं नेऊन आणलं. त्यांनी पायाला टाचणी टोचून बघितली, ढोपरावर ठोकून बघितलं आणि म्हणाले, "आता काठी राहू द्या. सोडायच्या नादात पडल्या, तर आहे तेपण जाईल." तिनं विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. उत्तर तिला तेवढ्यात मिळालं. येताना रिक्षात ती म्हणाली, "काठी तर काठी. फेरी मात्र पुरी करीन."

ठेकेदार तोवर लेकीकडं पुण्याला गेल्ता, आणि भिंतीला लावलेला पत्राही कुणीतरी उचलून नेल्ता. फेरी पुरी करायच्या दिवशी सकाळी मी आमच्या दिवाणावरची गादी उचलली, खालची जाड प्लायची फळी काढली आणि खांद्यावर घेऊन निघालो. कागदावर आता खड्डाच उरला न्हवता. पाहणी न्हाई, शेरा न्हाई, जागा जशीच्या तशी ठेवायला कारण न्हाई. गल्लीतले लोक विचारून राह्यले, "भाऊसाहेब, दिवाण मोडीत काढला का?" मी पुढं चालत राहिलो.

बाभळीची फांदी उपटून मी फळी आडवी टाकली. मामा खुर्चीतून उठून आला. "साहेब, तुमीच तर लिहून दिलं ना, हितं खड्डा न्हाई म्हून?"

"न्हाईच."

"मंग ही फळी कशावर टाकली?"

"तुझ्या डोक्यावर!" मी म्हटलं. "सरक बाजूला." मी आधी स्वतः फळीवर उभा राहिलो, दोनदा दणादण उड्या मारल्या. माझं वजन चांगलं ब्याऐंशी किलो. फळी हलली न्हाई.

ती आली. आधी काठी, मंग उजवा पाय, मंग डावा घासत. फळीवर चढताना थांबली, खाली बघितलं. मी हात पुढं केला. "लांब," ती म्हणाली. मी लांब झालो. काठी, उजवा, डावा. काठी, उजवा, डावा. फळी जराशी दबली, आणि ती पलीकडं उतरली. वळण, मंग गेटापर्यंतचा सरळ रस्ता. गेटाला हात लावून तिनं श्वास सोडला. मंडळानं टाळ्या वाजवल्या, शांततावाल्यानंसुद्धा. मी तर पोरासारखा नाचायचाच बाकी होतो.

गेटाशी बाकडं आहे, त्यावर ती बसली. मी पळत जाऊन फळी उचलून आणली, चोरीला जायला नको म्हणून, आणि तिच्यासमोर उभा राहिलो. आता काहीतरी चांगलं बोलेल म्हणून वाट बघून राह्यलो. तिनं त्या फळीकडं बघितलं.

"ही तर तेव्हापण घरातच होती," ती म्हणाली.

रागानं न्हाई. कपाटात हरवलेली वस्तू सापडल्यावर बोलतो तसं.   मी तिच्या पायाकडं बघितलं आणि मंग तेही बघवलं न्हाई.

तिनं काठी टेकवली आणि उठली. "चला," म्हणाली, "उन्हं तापली." मी फळी खांद्यावर घेतली आणि तिच्या मागं, काठीच्या चालीनं, घरी आलो.